दोन्ही हातांत बांगड्या

साहेबाला फ्रिज दिसू द्यायचा की नाही, यावरून तळवडेकरांच्या अंधेरीच्या घरात सकाळपासून दोन तट पडले होते.

"दिसू दे की," दत्ताराम म्हणाले. "मिल बंद पडली म्हणून घर बसलं नाही. उलट फ्रिज आला. हे इंग्लंडला कळलं तर बिघडलं कुठं?"

"कळू दे हो. पण वन्संनी मुलुंडहून फोन करून बजावलंय, साहेब जुनं बघायला येतोय." वनमालाबाईंनी फ्रिजवर एक इरकली लुगडं पांघरलं, मागे सरकून बघितलं आणि त्यांचाच चेहरा पडला. "हे तर उभ्या मयतासारखं दिसतंय."

"त्यापेक्षा त्याला नथ घाल, आई," श्यामकांत दाढी करता करता आतून ओरडला.

जयाला या घरात येऊन दोनच महिने झाले होते, त्यामुळे ती कुठल्याच तटात नव्हती. चकाल्याच्या एका रंगांच्या कंपनीत ती केमिस्ट होती, आणि नव्या जागी आधी नीट बघायचं, मगच कशाला हात लावायचा, ही सवय तिला प्रयोगशाळेनं लावली होती. ती ओट्यापाशी कपबशा पुसत होती. तेवढ्यात वनमालाबाई आत आल्या आणि त्यांनी तिचा उजवा हात धरला.

"हा हात तुझा कायम रिकामा. वर ते पुरुषी घड्याळ. वन्संचं लक्ष आधी तिथंच जाईल." घड्याळ काढून त्यांनी अर्धा डझन हिरव्या बांगड्या तिच्या हातात चढवल्या. जयानं हात किंचित मागं ओढला, मग पुन्हा पुढं केला. "आणि ते लक्षात आहे ना?"

"बोटी," जया म्हणाली.

"हां. बोटींवर थांबायचं. पुढं जायचं नाही."

त्याचं असं झालं होतं. जयाचे वडील हरेश्वर कोळी मालाडच्या खाडीकडच्या भाटी गावचे. त्यांच्या दोन मासेमारी बोटी होत्या. श्यामकांतनं रजिस्टर लग्न करून जयाला घरी आणली तेव्हा वनमालाबाई काही दिवस रुसल्या, मग एका सकाळी आपणहून तिच्या डब्याला पोळ्या लाटायला बसल्या, आणि तो विषय घरात तिथंच मिटला. मुलुंडला मात्र मिटायचा होता. दत्तारामांची थोरली बहीण रत्नप्रभा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे लग्नाला आली नव्हती. तिनं फोनवर विचारलं, मुलीचे वडील काय करतात? तीस वर्षं या नणंदेच्या धाकात काढलेल्या वनमालाबाईंचा धीर ऐनवेळी सुटला. त्या म्हणाल्या, त्यांच्या बोटी आहेत. "म्हणजे शिपिंग?" पलीकडून प्रश्न आला. "हो, तसंच," वनमालाबाई म्हणाल्या. तेव्हापासून मुलुंडच्या एका अख्ख्या बिल्डिंगीत जया ही शिपिंगवाल्यांची मुलगी होती.

यात गंमत होती, आणि जया पहिले काही दिवस हसलीही होती. पण हरेश्वर लेकीला भेटायला निघायच्या आधी गावच्या दुकानातून फोन करत आणि विचारत, "आज येऊ का बाय, की मुलुंडवाल्या आहेत?" हे विचारताना त्यांचा आवाज अगदी साधा असे. तेवढं एक जयाला हसण्यावारी नेता येत नव्हतं. सासूला तिनं शब्द दिला होता, दिवाळीपर्यंत गप्प राहीन. दिवाळी अजून लांब होती.

रत्नप्रभाबाई टॅक्सीतून उतरल्या त्या मांडीवर लाकडी पेटी सांभाळतच. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा वर्ग अजून सुटला नव्हता. दारातच त्यांनी विचारलं, "फ्रिजवर लुगडं कुणी टाकलंय? काढा. बावळट दिसतंय."

वनमालाबाईंनी मुकाट्यानं लुगडं काढलं. दत्ताराम वर्तमानपत्रामागं हसले.

पेटीत काचेच्या प्लेटी होत्या. बळवंतराव तळवडेकर, म्हणजे रत्नप्रभा आणि दत्तारामांचे आजोबा, यांचा शंभर वर्षांपूर्वी काळबादेवीला फोटोचा स्टुडिओ होता. पुढच्या पिढीनं तो बुडवला आणि सगळे मिलमध्ये गेले. पण त्यांच्या छापाचे फोटो विलायतेच्या एका संग्रहालयात निघाले होते. रत्नप्रभाबाईंनी आजोबांवर एका साप्ताहिकात लेख लिहिला होता, त्याच्या आधारानं तिथले डॉक्टर ॲश्बी शोध घेत त्यांच्यापर्यंत पोचले होते. साहेबाचं परतीचं विमान सहारहून होतं, म्हणून भेट अंधेरीला ठरली.

"काय गं," पेटी टेबलावर ठेवत त्या जयाला म्हणाल्या, "बंदरात आता कंटेनरचंच राज्य म्हणतात. तुझ्या वडिलांचं काय मत?"

"ते म्हणतात, शेवटी सगळं हवामानावर आहे," जया म्हणाली.

श्यामकांतला चहाचा ठसका लागला.

"बरोबर आहे. जुनी माणसं अशीच बोलतात," रत्नप्रभाबाईंनी समाधानानं मान डोलावली.

डॉक्टर ॲश्बी आले ते खादीचा कुर्ता, खांद्याला शबनम आणि पायांत कोल्हापुरी अशा थाटात. घरात खादी घातलेला तो एकटाच होता. दोन्ही हात जोडून "नमस्कार" म्हणत तो सरळ जमिनीवर मांडी घालून बसला. पाहुणा खाली आणि आपण सोफ्यावर, यामुळं सगळेच अवघडले.

"खुर्ची दी गो तेका," दत्तारामांनी मालवणीत बायकोला हळूच सांगितलं. "लांब पाय असत, मोडतलो."

"बसू दे त्याला. त्याला खाली बरं वाटतंय," श्यामकांत म्हणाला. तो सहारच्या कार्गोत कामाला होता, साहेबांचं इंग्रजी त्याच्या कानावरून रोज जायचं, म्हणून दुभाष्याचं काम त्याच्याकडे आलं होतं.

साहेबानं शबनममधून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो अलगद बाहेर काढला. तपकिरी, कडांना पिवळा पडलेला. पिवळेपणा गंधकाचा, जयानं मनातल्या मनात नोंद केली, शेवटचं धुणं पुरतं झालेलं नसणार. मग तिनं फोटोतल्या बाईकडे बघितलं.

रंगवलेल्या पडद्यावर समुद्र आणि एक माड. त्यापुढं गुडघ्यापर्यंत लुगडं, कमरेवर पाटी, पाटीत ऐटीत मांडलेली पापलेटं. बाई ताठ उभी होती. नाक मध्यावर किंचित वाकलेलं, हनुवटी वर, आणि नजर अशी की वर्गात कुणीतरी उशिरा आलं आहे.

सगळ्यांनी फोटोकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनी एकदमच रत्नप्रभाबाईंकडे बघितलं.

"आत्या," श्यामकांत म्हणाला, "तू पापलेट कधी विकायला बसलीस?"

"गप रे." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा घातला. "ही आमची आजी. पार्वतीबाई. मी हिच्या मांडीवर बसलेय."

ते ऐकून साहेबाचे डोळे पाणावले. हा फोटो, तो सांगू लागला, त्या काळी बोटीनं येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या प्रवाशांनी शेकड्यानं विकत घेतला. न्हावी, गारुडी, भिश्ती, कोळीण, अशी मालिकाच असायची, लोक ती अल्बममध्ये चिकटवून घरी नेत. खाली छापलेलं असे, ‘कोळीण, मुंबई’. बाईचं नाव कुठंच नसे. आता त्यांच्या संग्रहालयात मोठं प्रदर्शन भरत होतं आणि भिंतीएवढ्या पोस्टरवर हीच असणार होती.

"तो म्हणतोय," श्यामकांत सांगत होता, "गोरे फोटोवाले आपल्याकडे बाहेरून बघायचे. माणूस म्हणजे त्यांना बाटलीतला नमुना. पण बळवंतराव स्वतःच कोळी, असा त्याचा निष्कर्ष. त्यांनी आपल्या जातीचा, आणि आता कळलं की आपल्याच बायकोचा, फोटो आतून काढला. म्हणून तिच्या डोळ्यांत हा आत्मविश्वास आहे, म्हणतो. प्रस्तावना लिहून तयार आहे त्याची. पुढच्या आठवड्यात छापायला जाईल."

"पण आपण कोळी नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. मग शाळेतल्या इंग्रजीत तेच त्यांनी साहेबाला सांगितलं, एकेक शब्द सुटा करून.

साहेब हसला. फार मायेनं हसला, डॉक्टर रोग्याला हसतात तसा. आणि हळू आवाजात बरंच काही बोलला.

"काय म्हणाला?"

"सांगू?"

"सांग म्हणजे काय!"

"म्हणाला, असं पुष्कळ घरांत होतं. माणसं शहरात येतात, शिकतात, वर चढतात, आणि मग शिडी लपवतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याला आपला आदरच वाटतो, म्हणाला."

रत्नप्रभाबाई लाल झाल्या. "मी नाही म्हणते तर हा मला समजून घेतोय! असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?"

जया खाली बघत राहिली. वनमालाबाईही खाली बघत राहिल्या. दोघींची नजर एकाच लादीवर होती.

रत्नप्रभाबाईंनी पेटी उघडली. त्याच फोटोची काच त्यांच्याकडे होती. जयानं पुढं होऊन ती फक्त कडांना धरून उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं झालेली श्यामकांतची पणजी, दातही काळे. काचेवरच्या चांदीनं शंभर वर्षं हा चेहरा धरून ठेवला होता. पण फोटोत नसलेलं काहीतरी काचेच्या कडेला होतं.

"इथं घड्याळ आहे," जया म्हणाली. "लंबकाचं. भिंतीवर."

"असणारच. आजोबांना त्याचा कोण अभिमान होता." रत्नप्रभाबाई जरा शांत झाल्या. "वडील सांगायचे, गिऱ्हाइकांना मात्र ते चालायचं नाही. घड्याळ दिसलं, गॅसची बत्ती दिसली, की साहेब फोटो परत करायचे. हे तर आमच्याकडेही आहे, म्हणायचे. म्हणून आजोबा छापताना कडा कापायचे. आणि खऱ्या कोळणीला स्टुडिओत उभं करणार कसं? तिला बाजार असायचा. म्हणून घरातलीच माणसं उभी करायची. माझे वडील लहानपणी गारुड्याचं पोर होते, आमचा सख्खा काका न्हावी होता. विचार त्याला, त्या न्हाव्यालाही हेच नाक आहे का."

साहेबानं काचेतलं घड्याळ बघितलं, हळहळला, भराभर टिपून घेतलं. पण मुद्दा सोडला नाही. स्टुडिओ होता हे त्याला ठाऊकच होतं. कोळीण स्टुडिओत उभी राहू शकत नाही असं थोडंच आहे? कुटुंबाची आठवण आणि पुरावा यांत फरक असतो. पुरावा असेल तर तो प्रस्तावना बदलेल.

‘पुरावा’ हा शब्द रत्नप्रभाबाईंना झोंबला. हाच शब्द त्यांनी चौतीस वर्षं मुलांच्या डोक्यात भरला होता.

तेवढ्यात साहेबाला खिडकीतला उजेड आवडला. त्यानं कॅमेरा काढला. मॅडमनी काच हातात घेऊन उभं राहावं. छान. थोडं डावीकडे. फक्त, जर चालणार असेल तर, मागचा तो पांढरा फ्रिज...

"आत्या, सरक," श्यामकांत म्हणाला. "कडा कापायची वेळ आली."

दत्ताराम इतके मोठ्यानं हसले की साहेबही हसला, कशाला ते न कळता. रत्नप्रभाबाई हसल्या नाहीत. त्यांनी काच पेटीत ठेवली, फोटो टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि टाळी वाजवली.

"सगळे इकडे या. फोटो बघा आणि चूक शोधा. ही खरी कोळीण नाही हे या फोटोतच कुठंतरी दिसत असणार."

"अगो, हयातभर कोळणीशी भाव केला," दत्ताराम म्हणाले, "पण नजर माशाच्या कल्ल्यांवर. ती काय नेसते ते कोण बघतंय?"

"पाटी डोक्यावर हवी ना?" वनमालाबाईंनी विचारलं.

साहेब म्हणाला, दमल्यावर कमरेवर घेत असतील.

"लुगडं असंच असतं का?"

असंच असावं, यावर सर्वांचं एकमत झालं. वर्षानुवर्षं दारात येणारी बाई, तिच्या पाटीतला बोंबीलसुद्धा ताजा की शिळा हे लांबून सांगणारी ही माणसं, पण ती नेसते कशी हे एकालाही धड आठवत नव्हतं.

जयाला चूक पहिल्या नजरेलाच दिसली होती. आता तिनं पुन्हा एकदा बघितलं, साहेबाचं भिंग घेऊन, कारण एकदा बघून निष्कर्ष काढू नये. पणजीच्या डाव्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. उजव्या हातातही होत्या, मनगटापासून थेट वर.

तिनं भिंग खाली ठेवलं आणि सासूकडे बघितलं. "आई, जरा आत येता?"

स्वयंपाकघरात तिनं नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"मला चूक सापडलीय."

"मग सांग की!"

"सांगितली तर आत्या विचारतील, तुला हे कसं ठाऊक. मला तुमचा शब्द मोडायचा नाही. म्हणून तुम्हीच ठरवा."

वनमालाबाईंनी नळ बंद केला, मग पुन्हा सोडला. "एवढं काय आहे त्यात?"

"आमच्यातल्या जुन्या बायका काचेच्या बांगड्या फक्त डाव्या हातात घालतात. लग्नात उजव्या हातातल्या काढून समुद्राला देतात. नवऱ्याला सांभाळ म्हणून. माझ्या आजीचा उजवा हात मी कधी भरलेला बघितला नाही. त्या काळची कुठलीच कोळीण असा हात भरून उभी राहिली नसती."

"अगं बाई," वनमालाबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर जयाच्या उजव्या मनगटावर गेली, सकाळी स्वतः चढवलेल्या अर्ध्या डझनावर. "आणि तू? तुझ्या त्या घड्याळाचं काय?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आजीनं मला किनाऱ्यावर नेलं. रजिस्टर झालं तरी समुद्राचं समुद्राला द्यायचं, म्हणाली. हात रिकामा दिसतो म्हणून मी घड्याळ घालते."

वनमालाबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे श्यामकांतसाठी दिलेल्या मी सकाळी परत घातल्या? शिव शिव शिव! मला सांगायचं नाहीस?"

"मी काही एवढं मानत नाही, आई. आणि तो कुठं समुद्रावर जातो? सहारला आहे."

"विमानं काय गिरगावावरून जातात? समुद्रावरूनच जातात ना!" आणि साबणाची वडी घेऊन त्या जयाच्या मनगटावर तुटून पडल्या. "हळू, हळू. फुटायची नाही हं एकही. आंगठा आत दुमड."

साबणाच्या फेसातून एकेक बांगडी सुटू लागली. शेवटची ओट्यावर ठेवली तेव्हा वनमालाबाईंच्या चेहऱ्यावरचा धसका गेला होता, आणि त्या जागी जयानं कधी न पाहिलेलं काहीतरी आलं होतं. त्यांनी पदरानं सुनेचा हात कोरडा केला आणि तोच हात धरून तिला बाहेर आणलं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, जरा जास्तच मोठ्यानं. "चूक सापडली. हिला सापडली. कारण ही कोळ्यांची आहे. भाटीच्या."

श्यामकांत भाषांतर करायचं विसरला.

"म्हणजे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "शिपिंग?"

"दोन बोटी आहेत. मासेमारीच्या. मी बोटी म्हटलं, शिपिंग तुम्ही म्हणालात."

"आणि तू हो म्हणालीस!"

"तुमच्यापुढं नाही म्हणायला मी तीस वर्षांत शिकले कुठं, वन्सं?"

दत्तारामांनी वर्तमानपत्र उचललं. पण ते उलटं होतं.

रत्नप्रभाबाईंनी वनमालाबाईंकडे बघितलं, भावाकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं. सगळ्यांना ठाऊक होतं, आपल्याला नाही, एवढं त्यांना त्या फेरीत कळलं. शेवटी त्यांची नजर जयावर थांबली. जयानं नजर खाली घेतली नाही.

"ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी पुरावा सांग."

जयानं सांगितलं. आधी मराठीत, मग श्यामकांतचं भाषांतर मागं पडतंय बघून स्वतःच इंग्रजीत. बांगड्यांचं सांगितलं. लुगड्याचं सांगितलं, की कोळीण नेसते ते घट्ट आणि मुळातच आखूड. हे तर घरातलं नऊवारी, मोरी तुंबल्यावर बायका वर खोचतात तसं खोचलेलं, इथं पायावर दुमड दिसते. पाटी अशी धरली तर पहिल्या पायरीला मासे रस्त्यावर. "खरी आहेत ती फक्त पापलेटं," ती म्हणाली. "आणि तीच सर्वांत स्थिर उभी राहिलीत."

साहेब भिंगातून कितीतरी वेळ बघत राहिला. ती त्या दिवशी विसरली असेल तर, त्यानं विचारलं.

"नवरा रोज समुद्रावर असताना?" जया म्हणाली. "हे विसरत नाहीत."

साहेबानं भिंग मिटलं. मग गालातल्या गालात हसायला लागला आणि काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोय?"

"प्रस्तावनेची वाट लागली, म्हणतोय," श्यामकांत म्हणाला. "पण पोस्टर आता जास्त गमतीचं होईल. बायको कोळीण झाली आणि अख्खी विलायत फसली. तोसुद्धा फसला."

पण साहेबाला आता नवंच काहीतरी सुचलं होतं. तो उठून उभा राहिला. मिसेस जया खऱ्या कोळी आहेत तर, किती योगायोग, त्यांचा एक फोटो मिळेल का? पारंपरिक वेशात? पाटी घेऊन? पणजीच्या शेजारी लावायला?

जयाला उत्तर सुचायच्या आधी रत्नप्रभाबाई बोलल्या. इंग्रजीत बोलल्या, आणि आता शब्द सुटे पडत नव्हते. "डॉक्टर, शंभर वर्षांनी तुम्ही पुन्हा तेच मागताय. ही बी. एस्सी. आहे. रंगांच्या कंपनीत आहे. कोळीण असेच कपडे घालते. हवा तर असाच काढा."

साहेब ओशाळला. त्यानं माफी मागितली, मनापासून मागितली, आणि फोटो मुळी काढलाच नाही. त्याऐवजी त्यानं वही उघडली. पणजीच्या फोटोखाली काय लिहायचं ते रत्नप्रभाबाईंनी सांगितलं आणि त्यानं लिहून घेतलं: पार्वतीबाई तळवडेकर, छायाचित्रकाराची पत्नी, कोळणीच्या वेशात. "आणि हे कुणी ओळखलं तेही लिहा. नाव सांग गं तुझं. माहेरचं पण."

जयानं सांगितलं. साहेबाला ‘हरेश्वर’ लिहिता येईना, तर रत्नप्रभाबाईंनी त्याच्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर घालून दिलं.

साहेब विमानतळाकडे गेला. श्यामकांत त्याला टॅक्सीपर्यंत पोचवून आला तेव्हा आत्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"छान," त्या म्हणाल्या. "साहेबाचं झालं. आता मी मुलुंडला काय सांगू? कुलकर्णीबाईंच्या जावयाला तुझ्या वडिलांच्या कंपनीत चिकटवायचं कबूल करून बसलेय मी."

"येऊ दे की त्याला," दत्ताराम म्हणाले. "जाळी ओढायला माणसं हवीच असतात."

वनमालाबाई इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. नणंदेसमोर त्या अशा हसताना जयानं पहिल्यांदाच बघितल्या.

"ही मात्र फार शेफारली हो," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष टेबलावर साहेबानं ठेवून दिलेल्या पणजीच्या प्रतीकडे होतं. "काय गं, पाटी धरायची कशी मग? खरी?"

"धरायचीच नाही. डोक्यावर ठेवायची आणि विसरून जायचं."

"दाखव."

वनमालाबाईंनी परात आणून दिली. जयानं पंचा गुंडाळून चुंबळ केली, आत्यांच्या पांढऱ्या केसांवर बसवली आणि वर परात ठेवली. रत्नप्रभाबाई दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. तेच नाक, तीच हनुवटी.

"कमरेवरचा हात काढा. पुढं बघा. आता चाला."

त्या दोन पावलं चालल्या. परात डुगडुगली.

"मी काय म्हणते," परातीखालून त्या म्हणाल्या, "मुलुंडला आपलं शिपिंगच राहू दे. बोटी आहेत ना? मग खोटं कुठंय त्यात?"

जयानं हात मागं घेतले. "नाही, आत्या."

"का गं?"

"माझे वडील इथं यायच्या आधी फोन करतात. मुलुंडवाल्या आहेत का, विचारतात. तुम्ही असलात तर येत नाहीत."

वनमालाबाई पदराचं टोक दुमडत राहिल्या. रत्नप्रभाबाई परात डोक्यावर घेऊन तशाच उभ्या होत्या. मान वळवता येत नव्हती, त्यामुळे कुणाकडे बघताही येत नव्हतं.

"असं विचारतात?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग काय म्हणू मी? मासे?"

"मासे म्हणा."

रत्नप्रभाबाईंनी घसा साफ केला. समोरच्या भिंतीवर कुलकर्णीबाई उभ्या असल्यासारखी नजर लावली आणि एक पाऊल टाकलं. "आमचे व्याही," त्या म्हणाल्या, "भाटीचे हरेश्वर कोळी, मासे... मासेमारी करतात."

परात कलली. जयानं ती अलगद सरळ केली.

"मान हलली," ती म्हणाली. "पुन्हा."